‘बहुजन’ म्हणजे नेमके कोण?
(माजलगाव येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा आपला विषय एक शब्द आहे. शब्द आपल्या रोजच्या ऐकण्यातला. निवडणूक आली की फलकावर असतो, जयंतीच्या मिरवणुकीत असतो, कुणी मंत्री आला की त्याच्या भाषणात दर दहा वाक्यांनी असतो. शब्द आहे ‘बहुजन’. आणि गंमत अशी, की ज्यांच्यासाठी तो वापरला जातो ती माणसं स्वतःबद्दल बोलताना तो फारसा वापरत नाहीत. माजलगावच्या बसस्थानकावर कारखान्याच्या गाडीची वाट बघत बसलेल्या माणसाला विचारा, बाबा, तुम्ही कोण? तो म्हणेल, “आम्ही काय, गोरगरीब माणसं.” नाहीतर म्हणेल, “आमच्यावानी माणसाचं कोण ऐकतंय!” ‘आम्ही बहुजन’ असं तो म्हणणार नाही. म्हणजे शब्द आहे त्याच्यासाठी, पण तोंडात आहे दुसऱ्याच्या.

असं का झालं? आणि तरीही हा शब्द टाकून न देता जपून का वापरायचा? या दोन प्रश्नांची उत्तरं आज आपण शोधू.

आधी शब्द फोडून बघू. ‘बहु’ म्हणजे पुष्कळ आणि ‘जन’ म्हणजे लोक. सरळ अर्थ पुष्कळ लोक. पण शब्दाचा अर्थ त्याच्या फोडीत संपत नसतो. ‘बहुजन’ म्हणताना आपल्या मनात नुसती संख्या नसते. जे पुष्कळ असून मागे राहिले, ज्यांच्या कष्टावर गाडा चालतो पण गाड्यावर बसायला ज्यांना जागा नाही, असे लोक मनात असतात. म्हणून या शब्दात दोन गोष्टी एकत्र आहेत. एक म्हणजे मोठी संख्या आणि दुसरी म्हणजे वाट्याला आलेली उणीव. यातली एक काढली की शब्द बिघडतो.

इथे तीन ठिकाणी आपला पाय घसरतो, ती ठिकाणं आधीच दाखवून ठेवतो.

पहिलं ठिकाण, ‘बहुजन’ म्हणजे ‘बहुसंख्य’. हे दोन शब्द भाऊ भाऊ दिसतात, पण स्वभाव वेगळा. ‘बहुसंख्य’ हा मोजणीचा शब्द आहे. धर्माने, भाषेने, मताने कुणीही बहुसंख्य असू शकतो. त्यात श्रीमंत आला, गरीब आला, मालक आला, सालगडीही आला. ‘बहुजन’मध्ये मालक येत नाही. म्हणून गावातला एखादा मुस्लिम विणकर किंवा फळविक्रेता अल्पसंख्य असतो आणि तरीही बहुजन असतो. एकाच माणसाला हे दोन्ही शब्द लागू पडतात आणि त्यात काही विरोध नाही.

दुसरं ठिकाण, ‘बहुजन’ म्हणजे ‘गरीब’. हेही अपुरं. गरिबी आज आहे, उद्या दोन पाऊस चांगले झाले तर थोडी हटेल. पण पिढ्यान् पिढ्या शाळेचं दार बंद असणं, विहिरीवर जाता न येणं, चावडीवर जमिनीवर बसावं लागणं, ही नुसती गरिबी नाही. गरीब पुरोहिताच्या घरी दाणा नसला तरी अक्षर होतं. गावकुसाबाहेरच्या घरात दाणाही नव्हता आणि अक्षरही नव्हतं.

तिसरं ठिकाण, ‘बहुजन’ म्हणजे ‘ओबीसी’. हा गोंधळ अलीकडचा. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग हे राज्यघटनेचे, कायद्याचे शब्द आहेत. त्यांच्या याद्या असतात, दाखले असतात, टक्के असतात. ‘बहुजन’ची यादी नाही. तहसील कार्यालयात बहुजन असल्याचा दाखला मिळत नाही. महाराष्ट्र शासनात ‘इतर मागास बहुजन कल्याण विभाग’ या नावाचं खातं आहे, म्हणजे शब्द मंत्रालयात पोचला. पण तिथेही काम चालतं ते याद्यांवर. ‘बहुजन’ हे त्या याद्यांच्या वर धरलेलं छत्र आहे.

आता हा शब्द आला कुठून ते बघू.

तो जुना आहे, चांगला अडीच हजार वर्षांचा. भगवान बुद्धांनी वाराणसीजवळ आपल्या पहिल्या साठ भिक्खूंना गावोगाव जायला सांगितलं, ते कशासाठी, तर बहुजनांच्या हितासाठी आणि बहुजनांच्या सुखासाठी. पाली वाङ्मयातला तो उपदेश पुढे आकाशवाणीचं ब्रीद झाला. आपल्याकडे पूर्वी घरोघर रेडिओ होता, तेव्हा हा शब्द लिहिता-वाचता न येणाऱ्याच्याही कानावर पडून गेला असेल.

लक्षात घ्या, तिथे ‘बहुजन’ हा राजकारणाचा शब्द नव्हता. धम्म मूठभर जाणत्यांसाठी नाही, सगळ्यांपर्यंत न्यायचा आहे, एवढं त्यातून सांगायचं होतं. पण बीज तिथेच आहे. ज्ञान कुणासाठी, या प्रश्नाचं ते उत्तर आहे.

त्याच पालीत ‘महाजन’ हाही शब्द लोकसमुदाय या अर्थाने येतो. पुढे त्याचं काय झालं पाहा. मराठीत महाजन म्हणजे पेठेचा वतनदार झाला, हिंदीत महाजन म्हणजे सावकार झाला, आडनाव झालं. ‘महाजन’ वरच्या माडीवर गेला आणि ‘बहुजन’ खाली रस्त्यावरच राहिला. शब्दांचीही अशी नशिबं असतात.

मधल्या काळात साध्या माणसाला आपल्या भाषेने काय काय म्हटलं? एक शब्द होता ‘प्राकृत’. प्राकृत जन म्हणजे साधे, न शिकलेले लोक, आणि प्राकृत भाषा म्हणजे त्यांची भाषा. मराठीला शेकडो वर्षं हेच म्हटलं गेलं. महानुभाव पंथात एक प्रसंग सांगतात. केशोबास संस्कृतात रचना करायला निघाले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. त्यांचं म्हणणं असं, की तुम्ही संस्कृतात लिहिलंत तर माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. पंथातल्या साध्या बायका, ज्यांना मराठीशिवाय काही येत नाही, त्यांचं काय, हा त्यांचा सवाल होता. आम्हाला वाटतं, मराठीत ‘बहुजन’ या कल्पनेची सगळ्यात नेमकी व्याख्या त्या एका काळजीत आहे. ज्यांना डावलून आपण पुढे गेलो तर ज्यांचं नुकसान होईल, ते बहुजन. आणि त्या डावललेल्या माणसाचा चेहरा नागदेवाचार्यांना कुणाचा दिसला? एका म्हातारीचा. ही म्हातारी ध्यानात ठेवा, तिच्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

दुसरा शब्द ‘रयत’. हा अरबीतून फारसीवाटे आला. मूळ अर्थ राखलेला, चारायला नेलेला कळप. कळपाला राखणारा लागतो, तसा रयतेला राजा लागतो. शिवरायांच्या काळात या शब्दाला फार मोठी प्रतिष्ठा आली. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, हा संस्कार आपल्याला त्या नावाबरोबर मिळाला. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली संस्था काढली, तिला ‘रयत शिक्षण संस्था’ नाव दिलं आणि त्या शब्दाला शाळेत नेऊन बसवलं. तरी शब्दाचा स्वभाव बदलत नाही. रयत ही नेहमी कुणाची तरी असते. राजाची, सरकारची, जहागीरदाराची. आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. इथला माणूस रयत होता, पण राज्याच्या दफ्तराची भाषा उर्दू, शाळा मोजक्या, आणि अर्ज लिहायचा तर तो दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा. ‘बहुजन’ या शब्दाला मालक लागत नाही, हा त्याचा ‘रयत’हून मोठा गुण आहे.

एकोणिसाव्या शतकात महात्मा फुल्यांनी हे सगळं उलटंपालटं केलं. पण जोतीरावांचा मुख्य शब्द ‘बहुजन’ नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. ते ‘शूद्रादि-अतिशूद्र’ म्हणतात, ‘शेतकरी’ म्हणतात, ‘कुणबी’ म्हणतात. १८६९च्या पवाड्यात त्यांनी शिवरायांना ‘कुळवाडीभूषण’ म्हटलं. राजाला कुळवाड्यांचं, म्हणजे शेतकऱ्यांचं भूषण म्हणणं, हा त्या काळी केवढा धीट शब्दप्रयोग! २४ सप्टेंबर १८७३ला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. ‘शूद्र’ आणि ‘अतिशूद्र’ एका दमात उच्चारायचे, मधे श्वास घ्यायचा नाही, ही जोतीरावांची खरी किमया. कारण दोघांना वेगळं ठेवण्यावरच सगळी व्यवस्था उभी होती.

मग छत्रपती शाहू महाराज. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. आता मागासलेले कोण? त्या आदेशात व्याख्या उलट्या बाजूने केली आहे. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सगळे. म्हणजे कोण नाही ते सांगायचं आणि उरलेले मोजायचे. कारभारासाठी ही पद्धत बरोबर होती. कारण अन्याय करणाऱ्यांची यादी लहान असते, सोसणाऱ्यांची मोठी. पुढे ‘ब्राह्मणेतर’ हा शब्द याच पद्धतीने चालला. पण त्यात एक अडचण आहे. तुमचं नाव दुसऱ्याच्या नावाला ‘इतर’ लावून तयार होतं. तुम्ही कोण, हे त्यात सांगितलेलंच नाही.

ही अडचण ज्यांनी ओळखली ते महर्षी विठ्ठल रामजी शिंदे. माणूस फार मोठा, आणि आपण त्याला फार विसरलो. जन्म १८७३, जमखंडीचा. १९०६ साली त्यांनी अस्पृश्यांसाठी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. १९१९च्या सुधारणा कायद्यानंतर मुंबई प्रांताच्या कायदे कौन्सिलची निवडणूक आली. तीत मराठा व तत्सम जातींसाठी काही जागा राखीव होत्या. शिंदे जन्माने मराठा. राखीव जागेवर उभे राहिले असते तर वाट सोपी होती. पण जातवार मतदारसंघ त्यांना मान्य नव्हता. ते १९२० साली पुण्यातून सर्वसाधारण जागेवर उभे राहिले, आणि पक्षाला नाव दिलं ‘बहुजन पक्ष’. निवडणूक हरले. शब्द मात्र मागे राहिला.

त्यांच्या जाहीरनाम्यातला विचार साधा होता. समाजात दोन वर्ग आहेत. एक विद्येच्या, पैशाच्या किंवा अधिकाराच्या बळावर पुढारलेला. दुसरा, ज्याच्या हाती यांतलं कुठलंच बळ नाही, तो बहुजन. आणि या बहुजनांची मोजदाद त्यांनी कशी केली? जातींची यादी दिली नाही. शेतकरी, शिपाई, शिक्षक, उदमी, मजूर, अस्पृश्य, स्त्रिया, अशी कामावरून आणि परिस्थितीवरून केली. त्या यादीत स्त्रिया वेगळ्या मोजल्या आहेत, हे नोंदवून ठेवा. १९२० साली!

विद्या, पैसा, अधिकार. या तीन बळांची फूटपट्टी आम्हाला फार उपयोगाची वाटते. कुणी स्वतःला बहुजन म्हणवून घेत असेल तर त्याची जात विचारण्याआधी ही फूटपट्टी लावून बघा.

यापुढे शब्दाचा प्रवास दोन दिशांनी झाला. एकीकडे तो आकसला. ब्राह्मणेतर चळवळीतली पुष्कळ मंडळी काँग्रेसमध्ये गेली, स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने, जिल्हा बँका, जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या, आणि महाराष्ट्रात ‘बहुजन समाज’ म्हणजे मुख्यतः शेती करणारा मराठा-कुणबी समाज आणि त्याच्या आगेमागे असलेले, असा अर्थ रूढ होत गेला. सत्ता बहुजनांच्या हाती आली, असं तेव्हा म्हटलं जाई. ते अर्धं खरं होतं. बहुजनांतल्या काही घरांच्या हाती आली. बलुतेदार, भटके, दलित बहुजनांच्या सभेत होते, पण सतरंज्या उचलायला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या पत्रांना जी नावं दिली ती एका ओळीत ठेवून बघा. १९२०चं ‘मूकनायक’, १९२७चं ‘बहिष्कृत भारत’, १९३०चं ‘जनता’, १९५६चं ‘प्रबुद्ध भारत’. मुका, बहिष्कृत, मग जनता, मग प्रबुद्ध. चार शब्दांत एका समाजाचा प्रवास आहे. आणि मराठवाड्याच्या दृष्टीने सांगायचं तर १९५० साली औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, त्यांच्या संस्थेचं महाविद्यालय सुरू झालं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावाजलं. त्यामुळे आपल्या भागातल्या कितीतरी घरांत पहिला पदवीधर झाला. तीन बळांपैकी विद्येचं बळ आधी मिळवायचं, हा त्यामागचा हिशोब.

दुसरीकडे शब्द पसरला. पंजाबातून पुण्याच्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला आलेले कांशीराम इथे फुले-आंबेडकरांचे विचार वाचतात, ६ डिसेंबर १९७८ला बामसेफ ही कर्मचाऱ्यांची संघटना काढतात आणि १४ एप्रिल १९८४ला बहुजन समाज पक्ष. त्यांनी हिशोब मांडला पंच्याऐंशी विरुद्ध पंधरा. दलित, आदिवासी, इतर मागास आणि धार्मिक अल्पसंख्य मिळून बहुजन. मराठी मातीत रुजलेला शब्द उत्तरेत गेला आणि तिथे सत्तेपर्यंत पोचला. तिकडून तो नव्या अर्थाने परत महाराष्ट्रात आला. २०१८ साली ‘वंचित’ आणि ‘बहुजन’ हे दोन शब्द इथे जोडून वापरले गेले. नुसतं ‘बहुजन’ म्हटलं तर त्यात पुढारलेलेही शिरतात, म्हणून ‘वंचित’ हे कुंपण घालावं लागलं, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो.

आता आपल्या घराकडे येऊ.

या तालुक्यात सिंदफणेवर धरण झालं. जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्यातलं. पैठणचा उजवा कालवा इथे येतो. धरणाच्या पाण्यावर ऊस झाला, उसावर कारखाने आले. आणि याच जिल्ह्यातून दसरा-दिवाळी झाली की लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. एकाच शिवारात एकाच्या नावावर ऊस आणि दुसऱ्याच्या हातात कोयता. दोघांनाही आपण सभेत ‘बहुजन बांधव’ म्हणतो. शब्द दोघांना सारखा, वाटा मात्र सारखा नाही.

मधे असतो मुकादम. तो बहुधा तोडणाऱ्यांच्याच जातीतला, गावातलाच, कधी नात्यातलाही. त्याने उचल दिलेली असते. जातीने तो बहुजन, यात शंका नाही. पण तीन बळांची फूटपट्टी लावा. उचल देणाऱ्याकडे पैशाचं बळ आहे, आणि उचल फिटेपर्यंत माणूस अडकवून ठेवण्याचं अधिकाराचंही थोडं बळ आहे. त्याच्याही डोक्यावर कारखान्याचा हिशोब असतो, हे खरं. तरी जात एक असली म्हणजे बाजू एक असते, असं नाही.

आणि आता ती म्हातारी. ऊसतोडीत माणसं कशी मोजतात ते आपल्याला ठाऊक आहे. माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असला तर अर्धा कोयता. उचल कोयत्यावर, हिशोब कोयत्यावर. बाई पहाटे उठून भाकरी थापते, फडात मोळ्या बांधते, डोक्यावर मोळी घेऊन गाडीत चढवते, रात्री पोरांना निजवते. आणि हिशोबाच्या वहीत तिचं नाव नाही, नवऱ्याचं आहे. ती अर्धा कोयता आहे, तोही नवऱ्याच्या कोयत्यातला.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गेला. शासनाने समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. कारणं अनेक. पाळीच्या दिवसांत सुट्टी नाही, खाडा झाला तर पैसे कापले जातात, फडावर संडास नाही, पाणी नाही, दुखणं अंगावर काढायचं, आणि शेवटी पिशवी काढली की कटकट गेली असा सल्ला. ही संख्या पुढे आली कशी? कुणीतरी बायकांना वेगळं मोजलं म्हणून. ‘ऊसतोड कामगार’ एवढंच म्हणत राहिलो असतो तर ती संख्या दिसलीच नसती. ‘बहुजन’ एवढंच म्हणत राहिलो असतो तर त्याहून नाही.

मोठ्या शब्दाचा हा धोका असतो, मंडळी. तो सगळ्यांना पोटात घेतो आणि पोटात घेतलेलं बाहेरून दिसत नाही. शिंद्यांनी स्त्रियांना यादीत वेगळं का लिहिलं ते इथे कळतं. नागदेवाचार्यांना पंडित सोडून म्हातारी का आठवली, तेही इथे कळतं.

दुसरी एक गोष्ट बोलायलाच हवी, कारण आपण माजलगावात बसलो आहोत. ३० ऑक्टोबर २०२३ला आरक्षणाच्या आंदोलनात या गावात जाळपोळ झाली. तुम्ही ती पाहिलीत. त्याच वर्षी शेजारच्या अंबड तालुक्यात एका बाजूला मराठा आरक्षणासाठी उपोषण झालं, दुसऱ्या बाजूला ओबीसींची मोठी सभा झाली. कोणाची मागणी बरोबर, हा न्यायालयाचा आणि विधिमंडळाचा विषय आहे, त्यात आम्ही आज पडत नाही. आम्ही शब्दाबद्दल बोलतो आहोत. त्या दिवसांत ‘बहुजन’ हा शब्द दोन्ही मंचांवर होता आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ ‘आम्ही’ असा होता. समोरचा त्यात नव्हता. पेरणी बुडाली तेव्हा दोघांची बुडाली, विमा अडकला तेव्हा दोघांचा अडकला, पोराला नोकरी लागेना ती दोघांच्या. पण शब्द मधोमध चिरला गेला. गावात दुकानाची उधारी कुणाकडे ठेवायची, लग्नाला कुणाला बोलवायचं, इथपर्यंत तो चिरा गेला.

म्हणून हा शब्द वापरावा की नाही? वापरावा, असंच आमचं मत आहे. पण काही पथ्यं पाळून. ती सांगतो आणि संपवतो.

पहिलं पथ्य व्याकरणातलंच आहे. ‘बहुजन’ हा समूहाचा शब्द आहे. मराठीत आपण ‘तो एक बहुजन आहे’ असं सहसा म्हणत नाही, ‘बहुजन समाजातला’ म्हणतो. भाषेने इथे शहाणपणा दाखवला आहे. एकट्याने मिरवण्याचं हे बिरुद नाही. एखादा पुढारी ‘मी बहुजन’ म्हणाला, तर विचारावं, बरोबर कोण कोण आहे?

दुसरं पथ्य असं, की काम एका गटाचं असेल तर त्या गटाचं नाव घ्यावं. धरणग्रस्तांचा मोबदला राहिला असेल तर ‘धरणग्रस्त’ म्हणा. ऊसतोड बाईचं नाव वहीत यायला हवं असेल तर ‘ऊसतोड बाई’ म्हणा. पारधी वस्तीला रेशनकार्ड नसेल तर ‘पारधी वस्ती’ म्हणा. तिथे ‘बहुजन’ म्हटलं की अर्ज ढगात जातो. ‘बहुजन’ तेव्हा म्हणा, जेव्हा या सगळ्यांना एकमेकांच्या शेजारी उभं करायचं असेल.

तिसरं पथ्य म्हणजे तीन प्रश्न. कुणीही हा शब्द उच्चारला की मनात विचारायचे. यात कोण मोजले? यातून कोण वगळले? आणि बोलणाऱ्याच्या हाती तीन बळांपैकी किती आहेत? हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर, “कामून म्हणतोय हा असं?” एवढं विचारलं तरी पुरे.

बसस्थानकावरचा माणूस स्वतःला बहुजन म्हणत नाही, याचं कारण आता सांगता येईल. त्याला तो शब्द वरून मिळाला, मतं मागताना मिळाला, आणि मतं दिल्यावर त्यातून काही निघालं नाही. ‘गोरगरीब’ या शब्दात फसवणूक नाही, म्हणून तो त्याला जवळचा. पण त्या शब्दात एक उणीव आहे. ‘गोरगरीब’ हात पसरतो. ‘बहुजन’ हिशोब मागू शकतो. म्हणून शब्द टाकायचा नाही, तो मंचावरून खाली आणायचा. तो खाली आला हे कसं ओळखायचं? ज्या दिवशी फडातली बाई मुकादमाला म्हणेल, “माझं नाव वहीत वायलं लिव्ह,” त्या दिवशी शब्द खाली आला असं समजा. मग तिने ‘बहुजन’ हा शब्द उच्चारला काय आणि न उच्चारला काय.